पसरणाऱ्या बांबूची जबाबदारी कोणाची?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील उपनगरांत एप्रिल-मे महिन्यांत काही घरमालकांची सुट्टी अंगणातले कोंब मोडण्यात जाते. हिरवळीतून, फुलझाडांच्या वाफ्यांतून, लाकडी ओट्याखालून, डांबरी वाटेच्या भेगेतून टोकदार कोंब वर येतात. ज्याच्या अंगणात ते येतात, त्याने बहुतेक वेळा बांबू लावलेलाच नसतो. बांबूचे रान शेजारच्या जागेत असते. तेही आजच्या शेजाऱ्याने नव्हे, तर त्याच्या आधीच्या किंवा त्याहून आधीच्या मालकाने लावलेले असते. मोडायचा राहून गेलेला कोंब दोनेक महिन्यांत पूर्ण उंची गाठतो आणि पाहता पाहता दुमजली घराच्या वर जातो.

मराठी वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे बांबूवाचून मांडव उभा राहत नाही, सूप-टोपली होत नाही, बुरूडकाम चालत नाही. विदर्भात पावसाळ्यात वास्त्यांची भाजी होते, गोव्यात किल्ल शिजते. सिंधुदुर्गातला शेतकरी बांधावर माणगा लावतो आणि त्यावर भरवसा ठेवतो. बांबू शेजाऱ्याच्या अंगणात घुसला म्हणून कोणी वकील गाठल्याचे आपल्याकडे ऐकू येत नाही. तिकडे मात्र कनेक्टिकट, न्यू यॉर्क, व्हर्जिनिया या राज्यांत त्यासाठी कायदे आणि नियम झाले आहेत.

फरक जमिनीखाली आहे. आपला मानवेल, काटस बांबू, माणगा हे बेटाने वाढणारे. त्यांचे कंद आखूड व जाड असतात. नवी काठी जुन्या काठीला बिलगून येते आणि बेटाचा घेर दरवर्षी थोडाथोडाच वाढतो. चीन-जपानच्या समशीतोष्ण भागातल्या ‘फायलोस्टॅकिस’ कुळातल्या बांबूंची रीत निराळी. त्यांचे कंद लांब, सडपातळ असतात आणि जमिनीखालून आडवे धावतात. त्यांच्या पेरापेरावर डोळा असतो. कुठल्याही डोळ्यातून नवी काठी किंवा नवा कंद फुटू शकतो. माती भुसभुशीत आणि हवा मानवणारी असेल तर हे कंद एका हंगामात कित्येक फूट पुढे सरकतात. अमेरिकेत सर्वांत जास्त डोकेदुखी झालेल्या दोन जाती याच कुळातल्या आहेत: सोनेरी बांबू म्हणून ओळखला जाणारा ‘फायलोस्टॅकिस ऑरिया’ आणि पिवळ्या खाचेचा ‘फायलोस्टॅकिस ऑरिओसल्काटा’.

या बांबूची एक गोष्ट इतर बहुतेक उपद्रवी वनस्पतींहून वेगळी आहे. घाणेरीचे बी पक्षी नेतात, गाजर गवताचे बी वारा, पाणी आणि वाहने नेतात. त्यांचा पहिला दोषी शोधणे जवळजवळ अशक्य असते. पसरणाऱ्या बांबूला फुलोरा अनेक दशकांतून एखाद्या वेळी येतो. काही जातींत तर शतक उलटते. त्याचा प्रसार जवळजवळ सगळा कंदातून होतो. म्हणजे अशा प्रत्येक रानाच्या मुळाशी कोणीतरी विकत आणून लावलेले रोप असते, नाहीतर कोणीतरी ओढ्याकाठी टाकून दिलेला कंद असतो. हा बांबू आपण होऊन येत नाही, तो आणावा लागतो. त्यामुळे त्याला आवर घालण्याची खरी जागा कुंपण नव्हे, विक्रीचे दुकान आहे. कुंपणापाशी लढायची वेळ येते तेव्हा उशीर झालेला असतो आणि खर्च भलत्याच माणसाच्या माथी पडलेला असतो.

तो अमेरिकेत आला कसा, हे पाहिले की यात कोणाचे कपट नव्हते हेही कळते. सोनेरी बांबू १८८२ मध्ये अलाबामा राज्यात लावल्याची नोंद आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी कृषी खाते जगभरातून उपयुक्त वनस्पती गोळा करत होते. त्या मोहिमेचे प्रमुख डेव्हिड फेअरचाइल्ड यांनी १९०३ मध्ये जपानी बांबू आणि अमेरिकेत त्याची लागवड या विषयावर सरकारी पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे जॉर्जिया राज्यात सॅव्हाना शहराजवळ बांबूच्या रानासह एक शेत कृषी खात्याकडे आले आणि तिथे देशोदेशीच्या बांबूंचे प्रयोग झाले. मासेमारीच्या काठ्या, फर्निचर, कागद, वाऱ्याला आडोसा अशा अनेक आशा या गवतावर होत्या. त्या काळच्या ग्रामीण अमेरिकेत जागा मुबलक होती. रान पसरले तरी कोणाच्या दाराशी येत नव्हते.

मग उपनगरे वाढली. घराला घर आणि अंगणाला अंगण भिडले. शेजाऱ्याच्या खिडकीतून आपले अंगण दिसू नये म्हणून हिरवा पडदा हवा झाला. तीन-चार वर्षांत दाट भिंत उभी करणारे, हिवाळ्यातही पान न गाळणारे, विशेष निगा न मागणारे रोप कोणाला नको असेल? रोपवाटिकांनी बांबू विकला, लोकांनी तो कुंपणाच्या रेषेवरच लावला. लावला तेव्हा रोप कुंडीत मावत होते. सुरुवातीची काही वर्षे ते जमिनीवर फारसे वाढतानाही दिसत नाही, कारण ती वर्षे ते जमिनीखाली कंद पसरवण्यात घालवते. उपद्रव दिसू लागतो तोवर घर विकले गेलेले असते.

दाट रानाखाली दुसरे काही उगवत नाही. वर सावली, खाली पानांचा जाड थर आणि मातीत कंदांचे जाळे. स्थानिक झुडपांची, रानफुलांची रोपटी तिथे तग धरत नाहीत. ओढ्याकाठी असे रान माजले की काठावरची झाडोऱ्याची विविधता संपते. घरांबद्दल मात्र अतिशयोक्ती टाळायला हवी. धडधाकट काँक्रीटचा पाया बांबू फोडत नाही. पण आधीच भेग असेल, फरशीखाली पोकळी असेल, डांबराचा थर पातळ असेल, तर कोंब तिथून वाट काढतो आणि भेग रुंदावतो.

इथे आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. अमेरिकेचे स्वतःचे बांबूही आहेत. ‘अरुंडिनेरिया’ कुळातल्या नदीकाठच्या बांबूची विस्तीर्ण राने एके काळी आग्नेय अमेरिकेत होती. चेरोकी आणि इतर मूलनिवासी समाज त्यांच्या काठ्यांपासून टोपल्या विणत आले आहेत. शेतीसाठी झालेली तोड, गुरांची चराई आणि जंगलातल्या नियमित आगी बंद पडणे यांमुळे त्या रानांचा अगदी थोडा अंश आज शिल्लक आहे. म्हणून व्हर्जिनियासारख्या राज्यात बांबू उपटायला निघण्यापूर्वी तो कोणता आहे हे जाणकाराला दाखवणे हे पहिले काम. परका बांबू समजून स्थानिक बांबू खणून काढला, तर ते नुकसान भरून येणे कठीण.

ओळख पटली की खरे कष्ट सुरू होतात. मोठे रान काढण्याचे मार्ग तीनच आहेत आणि तिन्हींत चिकाटी लागते.

पहिला मार्ग उपासमारीचा. बांबूची सारी पुंजी कंदात असते. कंद ही त्याची कणगी. पाने ऊन घेऊन ती कणगी भरतात, वसंतात कोंब ती रिकामी करतात. तेव्हा सर्व काठ्या जमिनीलगत कापायच्या आणि त्यानंतर येणारा प्रत्येक कोंब पाने फुटण्याआधी मोडायचा. कोंब वाढताना कंदातली पुंजी खर्च होते. पाने फुटलीच नाहीत तर ती परत भरत नाही. मोकळ्या जागेत गवत कापायचे यंत्र नियमित फिरवले तरी हे साधते. पण एकदा कापून भागत नाही. दोन-तीन वर्षे, जुन्या दाट रानात त्याहून अधिक, हे व्रत चालवावे लागते. एका वसंतात घर बंद ठेवून सुट्टीला गेले आणि काठ्यांना पाने आली, तर कणगी पुन्हा भरू लागते. काठ्या कापताना काप आडवा व सपाट ठेवावा. तिरका कापलेला खुंट सुरीसारखा धारदार राहतो आणि पडणाऱ्याला गंभीर इजा करतो.

दुसरा मार्ग खणून काढण्याचा. कंद बहुतेक वरच्या फूटभर मातीत असतात, काही त्याखाली जातात. लहान वाफा असेल तर कुदळ, पहार आणि धारदार फावड्याने काम होते. मोठ्या रानाला खोदयंत्र लागते आणि खर्च सहज हजारो डॉलरांत जातो. अमेरिकेत खणण्याआधी ८११ या क्रमांकावर कळवावे लागते, म्हणजे गॅस, वीज, पाणी यांच्या जमिनीखालच्या वाहिन्यांवर खुणा करून मिळतात. यंत्र गेल्यावरही माती चाळावी लागते, कारण डोळा असलेला वीतभर तुकडाही पुन्हा फुटतो. काढलेले कंद ओढ्यात, रानाच्या कडेला किंवा खतखड्ड्यात टाकणे म्हणजे नवे रान लावणे. ते उन्हात पूर्ण वाळवून, स्थानिक कचरा विभागाच्या नियमाप्रमाणेच त्यांची विल्हेवाट लावावी लागते. उतारावरचे रान एका दमात खणले तर पुढच्या पावसात माती वाहून जाते. तिथे टप्प्याटप्प्याने काढणे आणि मोकळ्या झालेल्या जागी लगेच स्थानिक गवते व झुडपे लावणे गरजेचे असते.

तिसरा मार्ग तणनाशकाचा. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या कृषिविस्तार केंद्रांचा सल्ला साधारण असा असतो: आधी रान कापा, नवी पाने पुरती फुटू द्या, मग त्या पानांवर ग्लायफोसेट फवारा. उन्हाळ्याच्या अखेरीस व शरद ऋतूत अन्नरस कंदाकडे वाहतो, त्यासोबत औषधही खाली जाते. एका फवारणीत काम होत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पाहावे लागते. इमॅझापायर नावाचे औषध अधिक प्रभावी असते, पण ते मातीत टिकते आणि जवळच्या मोठ्या झाडांच्या मुळांतून शिरून त्यांनाही मारू शकते. पाण्याजवळ कोणते औषध चालते याचे नियम वेगळे आहेत. घाईने, वेष्टनावरची सूचना न वाचता फवारलेले औषध बांबूपेक्षा बागेचेच जास्त नुकसान करते.

चौथा मार्ग म्हणून लोक आग लावतात. तो मार्ग नव्हे. बांबूच्या बंद पेरांतली हवा तापून काठ्या फुटतात, हा एक धोका. दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये आर्कान्सा राज्यात एका कौटुंबिक मेळाव्यात बांबूची शेकोटी पेटवली गेली. ज्या रानातला तो बांबू होता, तिथे पक्ष्यांचे थवे वस्तीला येत असत. पक्ष्यांच्या विष्ठेत वाढणाऱ्या बुरशीचे कण हवेत उडाले आणि जमलेल्यांपैकी जवळजवळ सगळे हिस्टोप्लाझ्मोसिस या फुप्फुसाच्या आजाराने आजारी पडले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने या घटनेचा अहवाल २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या रानात पक्षी रात्रीचे वस्तीला असतात, तिथली साफसफाईसुद्धा तज्ज्ञांना विचारून आणि योग्य मुखपट्टी लावूनच करायला हवी.

या तिन्ही मार्गांना एकच अडसर आहे. रान दोन-तीन मालकांच्या जागेत पसरलेले असेल आणि एकानेच ते काढायला घेतले, तर काम कधी संपत नाही. पलीकडच्या पानांनी कमावलेले अन्न कंदातून अलीकडच्या कोंबाला मिळत राहते. उलट अलीकडे फवारलेले औषध कंदातून पलीकडे जाऊन शेजाऱ्याचा हौसेने राखलेला बांबू मारू शकते आणि नवा तंटा उभा राहतो. आपल्या हद्दीत आलेले कोंब आणि कंद कापण्याचा हक्क घरमालकाला सर्वसाधारणपणे असतो. तो हक्क कुंपणापाशी संपतो, बांबू मात्र कुंपणापाशी संपत नाही. शेजाऱ्यांनी एकत्र बसून, एकाच हंगामात, दोन्ही बाजूंनी काम सुरू करणे आणि मधल्या काळात हद्दीवर खंदक किंवा रोधपट्टी घालणे, एवढाच टिकाऊ उपाय उरतो. रोधपट्टी म्हणजे जाड प्लॅस्टिकची सलग पट्टी. ती दोन ते अडीच फूट खोल, जमिनीवर दोन इंच डोकावणारी आणि वरच्या बाजूला किंचित बाहेर कललेली असावी, म्हणजे अडलेला कंद खाली न जाता वर वळतो आणि दिसतो. तरीही वर्षातून एक-दोनदा पट्टीच्या कडेने फिरून वर आलेले कंद छाटावे लागतात. पट्टी पुरली आणि विसरून गेलो, असे चालत नाही.

कायद्याने आजवर काय केले? कनेक्टिकटने २०१३ मध्ये केलेल्या कायद्यानुसार पसरणारा बांबू लावणाऱ्याने तो आपल्या हद्दीबाहेर जाऊ द्यायचा नाही. गेला, तर शेजाऱ्याचे नुकसान आणि काढण्याचा खर्च त्याच्यावर. शेजारच्या हद्दीपासून किंवा सार्वजनिक रस्त्यापासून चाळीस फुटांच्या आत, रोधपट्टीशिवाय किंवा कुंडीशिवाय तो लावता येत नाही. विक्रेत्याने ग्राहकाला या वनस्पतीच्या वाढीची आणि तिला आवरण्याची माहिती द्यायची. उल्लंघनाला शंभर डॉलर दंड, आणि प्रत्येक दिवस स्वतंत्र उल्लंघन. व्हर्जिनिया राज्याने हा अधिकार स्थानिक संस्थांना दिला. त्यानुसार फेअरफॅक्स काउंटीत १ जानेवारी २०२३ पासून आपल्या जागेतला बांबू शेजारी किंवा सार्वजनिक जागेत जाऊ न देणे मालकाचे कर्तव्य ठरले. तिथे पहिला दंड पन्नास डॉलरांचा आहे आणि बारा महिन्यांत एकूण दंड तीन हजार डॉलरांच्या पुढे जात नाही. न्यू यॉर्कने तिसरी वाट धरली. मार्च २०१५ पासून लागू झालेल्या नियमांत सोनेरी आणि पिवळ्या खाचेचा असे दोन्ही बांबू निषिद्ध प्रजातींच्या यादीत आहेत. त्यांची विक्री, खरेदी, वाहतूक आणि नवी लागवड यांवर बंदी आहे.

तिन्हींत न्यू यॉर्कची वाट सर्वांत शहाणपणाची आहे. कुंपणावर दंड लावणारा कायदा आजच्या मालकाला पकडतो, आणि अनेकदा तो स्वतःच फसलेला असतो. निवृत्त वृद्ध जोडपे, नुकतेच पहिले घर घेतलेले कुटुंब, वारसाहक्काने घर मिळालेला दूरचा नातेवाईक यांच्यावर हजारो डॉलरांचे खोदकाम येऊन पडते. ज्याने रोप विकून नफा घेतला तो आणि ज्याने ते कुंपणाच्या रेषेवर लावले तोही या हिशेबात कुठेच नसतो. विक्रीवरची बंदी जुनी राने काढत नाही हे खरे. पण ती नवी रांग लागू देत नाही. जुन्या रानांसाठी कुंपणाचा कायदा राहावाच. त्याच्या जोडीला स्थानिक संस्थांनी कंदांच्या विल्हेवाटीची सोय, शेजाऱ्यांत मध्यस्थी आणि अडचणीतल्या मालकांना खर्चात मदत द्यावी. केवळ दंडाची पावती पाठवून कंद मरत नाही.

यावर बांबूप्रेमींचा आक्षेप असतो की दोष झाडाचा नाही, निगा न राखणाऱ्याचा आहे. या आक्षेपात तथ्य आहे आणि त्याचा सर्वांत चांगला पुरावा आपल्याच देशात सापडतो. अरुणाचल प्रदेशातल्या झिरो खोऱ्यात आपातानी समाज पिढ्यान्‌पिढ्या पसरणारा बांबू राखत आला आहे. तो ‘फायलोस्टॅकिस’ कुळातलाच आहे. तिथे त्याला बिजे म्हणतात. पाइनच्या झाडांसोबत कुटुंबांच्या मालकीच्या बनांत तो वाढतो. घर, कुंपण, अवजारे, जळण, जेवण या सगळ्यांत त्याचा वापर होतो. प्रत्येक काठीला मागणी आहे, म्हणून प्रत्येक काठीवर लक्ष आहे.

लक्ष उडाले की काय होते, ते जपानमध्ये दिसते. मोसो हा प्रचंड आकाराचा चिनी बांबू १७३६ मध्ये र्‍यूक्यू बेटांमार्गे कागोशिमातल्या शिमाझू घराण्याच्या सेंगान-एन उद्यानात आला, आणि तिथून देशभर गेला. वसंतात त्याचे कोंब खणून खाणे आणि काठ्यांपासून शेकडो वस्तू करणे हा गावांचा नित्यक्रम होता. कोंब खणले जात तोवर रान आपोआप मर्यादेत राहत असे. मग प्लॅस्टिक आले, चीनमधून स्वस्त कोंब येऊ लागले, तरुण शहरांत गेले आणि डोंगरउतारावरची बने वृद्धांच्या हाती राहिली. आज जपानमध्ये दीड लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र बांबूखाली आहे. अनेक ठिकाणी तो शेजारच्या ओकच्या आणि लागवडीच्या जंगलांत शिरून त्यांच्या डोक्यावरून वर गेला आहे. २०१५ मध्ये जपान सरकारने परक्या उपद्रवी प्रजातींची यादी केली, तेव्हा उद्योगाला उपयुक्त पण सांभाळूनच वापरायच्या प्रजातींत मोसोचा समावेश केला. गावोगावचे स्वयंसेवक गट आता ही राने कापत आहेत.

म्हणजे हा बांबू रोजच्या वापराचा आणि रोजच्या राबत्या हातांचा आहे. न्यू जर्सी किंवा व्हर्जिनियातल्या उपनगरातल्या पाव एकराच्या अंगणाला ना त्याच्या काठ्या हव्या आहेत, ना कोंब. तिथे तो फक्त पडदा म्हणून लागतो. निगा राखणे शक्य आहे हे मान्य केले, तरी दर पाच-सात वर्षांनी मालक बदलणाऱ्या घरात पुढची तीस वर्षे कोणीतरी न चुकता कंद छाटेल, यावर शेजाऱ्याने का विसंबावे? पडद्यासाठी दुसरे पर्याय आहेत. ‘फार्जेशिया’ कुळातले थंडी सोसणारे बांबू बेटानेच वाढतात. अमेरिकेतले स्थानिक होली आणि पूर्वेकडचा लाल सीडर बारमाही हिरवे असतात आणि पक्ष्यांना फळे देतात.

महाराष्ट्राने यातून कोणता धडा घ्यावा, हे नीट सांगायला हवे, कारण चुकीचा धडा घेणे सोपे आहे. आपल्या बांबूला घाबरण्याचे काहीही कारण नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा ग्रामसभेला एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला, तो जंगलावरच्या लोकांच्या हक्कासाठी मैलाचा दगड होता. २०१७ मध्ये वनकायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून बांबू वगळला गेला आणि खासगी जमिनीवरच्या बांबूची तोड-वाहतूक मोकळी झाली. कुडाळची कोनबॅक ही संस्था आणि चंद्रपूरजवळचे चिचपल्लीचे प्रशिक्षण केंद्र यांनी या काठीतून रोजगार उभा राहतो हे दाखवले. बांधावर, पडीक जमिनीवर, नदीकाठी बेटाचा बांबू लावायला हवा आणि तो आणखी लावला जावा.

पण ‘बांबू’ या एका शब्दाखाली भारतात सव्वाशेहून अधिक जाती आहेत, त्यांत काही बाहेरून आलेल्याही आहेत. बंगले, रिसॉर्ट, फार्महाउस यांच्या बागांसाठी शोभेच्या बांबूची मागणी वाढते आहे. रोपे ऑनलाइनही मिळतात. गोंधळ नावापासूनच सुरू होतो. आपल्या रोपवाटिकांत गोल्डन बांबू म्हणून बहुधा पिवळ्या काठीवर हिरवे पट्टे असलेला, बेटाने वाढणारा बांबू मिळतो. अमेरिकेत त्याच नावाने ओळखला जाणारा बांबू शेजाऱ्याच्या अंगणात शिरणारा आहे. मैदानी महाराष्ट्राची उष्ण हवा समशीतोष्ण जातींना तितकी मानवत नसेलही. पण हवा मानवते की नाही हे लावून पाहण्याची गरज नाही. ज्या वनस्पतीला काढायला वर्षे लागतात, तिची चाचणी आपल्या ओढ्याकाठी घेऊ नये.

फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून परवान्याचा कायदा आहे, कारण चुकीच्या कलमाचा फटका शेतकऱ्याला अनेक वर्षांनी बसतो हे तेव्हा ओळखले गेले. बांबूच्या रोपाबाबतही हेच खरे आहे. राज्य सरकारने बांबूची रोपे विकणाऱ्या प्रत्येक रोपवाटिकेला, अनुदानाच्या योजनेतली असो वा शोभेच्या झाडांची, दोन गोष्टी पिशवीवर लिहिणे बंधनकारक करावे: जातीचे शास्त्रीय नाव, आणि ती बेटाने वाढते की पसरते. पसरणाऱ्या जातींच्या विक्रीला परवानगी लागावी. या नियमाला सरकारी तिजोरीतून फारसा खर्च येणार नाही आणि बांबू लागवडीची चळवळ त्याने अडणार नाही. उलट तिच्यावरचा विश्वास वाढेल.

अमेरिकेत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनाही एक सांगणे आहे. करारावर सही करण्यापूर्वी अंगणाच्या चारही कडा पायी फिरून पाहा. कुंपणापलीकडे बांबू दिसला तर तो किती जुना आहे, रोधपट्टी आहे का, स्थानिक नियम काय आहे हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. घर घेतल्यावर पहिल्याच वसंतात शेजाऱ्याशी बोला, तक्रार घेऊन नव्हे, तर दोघांनी मिळून काम करण्याचा प्रस्ताव घेऊन. आणि इथे असो वा तिथे, रोपवाटिकेत बांबूचे रोप हाती घेताना त्याची जात विचारा. विक्रेत्याला ती सांगता आली नाही, तर ते रोप तिथेच ठेवून या.